तापल्या दगडांवरची ऐट

"अय्यो भावजी, सावलीत या! पाय भाजतील!" चामुंडीच्या डोंगरावर, देवळाच्या अंगणातून वहिनी ओरडत होत्या. मी मात्र उन्हात तापलेल्या दगडांवर महाराजांसारखा उभा होतो.

आज बायको माझ्या तळव्यांना खोबरेल लावायला बसली, आणि त्या वासानं ती दुपार पुन्हा समोर आली.

शुगर दादाला आणि मला, दोघांनाही. पण लाड एकट्या दादाचे! वहिनी रोज त्याचे पाय धुवायच्या, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तळव्यांना खोबरेल चोळायच्या. चामराजपुरमच्या आमच्या घरात पाहुण्यांच्या चपलांनाही उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. दादा मात्र डॉक्टरांच्या हुकमानं मऊ चपला घालून थेट स्वयंपाकघरात! मी जळून कोळसा झालो होतो. माझ्या पायांकडे घरचं मांजरसुद्धा बघत नव्हतं.

म्हणून त्या दुपारी, अख्खं म्हैसूर उड्या मारत सावलीकडे पळत असताना मी गरजलो, "बघा वहिनी! तुमच्या नवऱ्याला जाड मोजे लागतात, मला साधा चटकाही बसत नाही!"

घरी आल्यावर वहिनींनी माझे पाय उचलून पाहिले. दोन्ही तळव्यांना पुरीएवढे फोड.

"पण दुखत नाही हो काही," मी ऐटीत म्हणालो.

"दुखत नाही, म्हणूनच डॉक्टरकडे जायचंय. शुगरनं पाय बधिर झालेत तुमचे," वहिनी म्हणाल्या.