तेल प्यालेला कोबा

काष्टीतली आमची शेंगदाणा तेलाची गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिथे कॉम्प्युटरवर चालणारे लेथ बसवून गाड्यांचे सुटे भाग करायचे, असं मी ठरवलं. सासऱ्यांनी चावी दिली आणि सोबत गिरणीचे जुने मिस्त्रीही दिले.

पत्रे बदलले, भिंती पांढऱ्या झाल्या. उरली जमीन. माल घेणाऱ्या कंपनीला ती आरशासारखी हवी होती. सावेडीहून रंगाचे कंत्राटदार आले. मिस्त्रींनी कोब्यावर अंगठा घासून त्यांना दाखवला. "लई तेल प्यालाय ह्यो. रंग न्हाई धरायचा."

"काका, हा एपॉक्सी आहे. कशालाही चिकटतो."

चार दिवसांनी कंपनीचे साहेब तपासणीला आले. दहा पावलं आत टाकली आणि थांबले. बुटाला हिरव्या रंगाचा परातीएवढा पोपडा चिकटला होता. पाय झटकला, तर तो दुसऱ्या बुटाला चिकटला. कंत्राटदार खाली बसून सोडवायला लागले, तर त्यांच्या हाताला. रंग खरंच कशालाही चिकटत होता, फक्त कोबा सोडून.

"खाली आहे तरी काय?" साहेबांनी विचारलं.

"शेंगदान्याचं तेल, सायेब," मिस्त्री छाती काढून म्हणाले. "भेसळ न्हाई."

शेवटी कोबा फोडायला घेतला. ब्रेकर लागला तसा तेलाचा जुना वास पार बाजारापर्यंत गेला. दुपारी दारात सात-आठ बायका कॅन घेऊन हजर.

"गिरनी चालू झाली व्हय?"

मी नाही म्हणायच्या आत सासरे खुर्चीवरून उठले. "ठिवून जा कॅन," म्हणाले. का म्हणाले, ते त्यांनाही सांगता येईना. संध्याकाळी मी स्कूटरवरून घरोघर कॅन परत केले. प्रत्येक घरी चहा मिळाला आणि बोलणीही.

नवा कोबा झाला, रंग धरला, साहेबांनी सही केली. लेथ सुरू व्हायच्या दिवशी सासरे चपला काढून दारातच उभे राहिले.

"मामा, आत या ना."

"नको. पाय उमटतील."

अख्खं आयुष्य त्याच जागेवर तेलकट पायांनी वावरलेला माणूस! मी हात धरला. चवड्यांवर चालत ते लेथपर्यंत आले, मागे वळून आधी जमीन न्याहाळली आणि मगच मशीनकडे पाहिलं.