नळीतलं पाणी

कृषी कचेरीत त्याच्या माघारी सगळे त्याला ‘त्रुटी’ म्हणत. अर्ज हातात पडला की त्रुटी शोधायची, नाही सापडली तर पान उलटून पुन्हा शोधायची, हे त्याचं वीस वर्षांचं कर्तृत्व. खिशात तीन पेनं, आणि बुटांना कधी चिखल लागल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही.

अशा माणसाच्या टेबलावर सरकारने हवा वाचवायची योजना आणून ठेवली. भाताच्या शेतात पाणी तुंबून राहिलं की त्यातून वायू सुटतो आणि हवा तापते. म्हणून शेत अधूनमधून सुकू द्यायचं. भोकं पाडलेली एक नळी शेतात ठोकायची आणि तिच्यातलं पाणी जमिनीखाली वीतभर उतरलं की मगच पुन्हा पाणी द्यायचं. उतरलेल्या पाण्याचा फोटो जो पाठवील, त्याला फुलोऱ्याच्या वेळी कालव्याचं पाणी आधी. गोष्ट सरळ होती. डोकं जागेवर असलेल्या कुणालाही कळली असती.

त्रुटीने परिपत्रकातला ‘पाणी’ हा शब्द तेवढा वाचला. पहिलाच फोटो आला, नळी कोरडी. त्याने शेरा ठोकला : ‘पाणी दिसत नाही. नामंजूर.’ मग शेतकरीही शहाणे झाले. पंप लावून शेत तुडुंब भरायचं, वरून फोटो काढायचा. फटाफट मंजूर. खाली वायू आपला निवांत बुडबुडे काढत होता.

एकच फोटो हट्टाने कोरडा येत राहिला. तो त्याच्या थोरल्या बहिणीचा. तिला ना विहीर ना पंप, सारा भरवसा कालव्यावर. तिसऱ्यांदा नामंजूर झाल्यावर ती कचेरीतच आली.

“काय रे, नळी कोरडी म्हणून मला नापास करतोस?”

“ताई, पाणी दिसायला पाहिजे.”

“उतरलंय की नाही हे बघायलाच ठोकलीय ना ती? पाणीच बघायचं असेल तर बादलीचा फोटो पाठवते.”

शेजारची टायपिस्ट फाइलीत तोंड घालून हसली. त्रुटीने परिपत्रक काढलं आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. त्याचे कान लाल झाले.

“कळलं ना? मग लिही, चुकलो म्हणून. आठ दिवसांत भात फुलोऱ्यात येतंय. तेव्हा पाणी नाही मिळालं तर दाणा भरायचा नाही.”

चुकलो लिहायचं म्हणजे आजवरचे सगळे शेरे स्वतःच खोडायचे. त्याने आवाज खाली आणला. “त्यापेक्षा तू असं कर, नळीत तांब्याभर पाणी ओत आणि फोटो काढ. लगेच मंजूर करतो. घरचं माणूस म्हणून सांगतोय.”

“म्हणजे मीही खोटं करायचं, तुझी अब्रू झाकायला? लहानपणी तुझी गणितं मी सोडवून द्यायचे, तिथेच चुकलं माझं.”

ती निघून गेली. पाणी तिने ओतलं नाही. आणि त्रुटीने वर कळवलं : ‘शेतकऱ्यांना योजनेचे आकलन नाही. प्रशिक्षण आवश्यक.’ वरच्यांना हे इतकं पटलं की प्रशिक्षक म्हणून त्यालाच नेमलं.

कालव्याचं पाणी बहिणीच्या बांधावरून पुढे गेलं, आधीच भरलेल्या शेतांत. तिच्या भाताच्या लोंब्या कापणीपर्यंत ताठ उभ्या राहिल्या, वाकायला आत दाणाच नव्हता. पुढे ती त्याला रस्त्यात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, “बरे आहात ना, साहेब?”

घरी येऊन त्याने बायकोला कौतुकाने सांगितलं, “ताईसुद्धा आता मानाने बोलायला लागली.”