टोपणनाव आणि उलटी गाठ

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कोणी सांगायला नको. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधलं की त्याला मी उलटी गाठ मारते. कोणी सोडून पुन्हा बांधली तर एका नजरेत कळतं. कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांबाहेर ही गाठ कोणाला ठाऊक नव्हती.

आणि एका गुरुवारी ती साप्ताहिकात छापून आली!

गोष्ट एका सासूची होती. ती दूध हुंगून बघते, साखर स्वतःच्याच चमच्याने घालते, बरणीला उलटी गाठ मारते. खाली एका बाईचं नुसतं नाव, आडनाव नाही. भजनी मंडळातल्या बायका वाचून खुदुखुदु हसल्या. ती सासू मीच, हे अजून कोणाला उमगलं नव्हतं. पण उद्या उमगलं तर? पेठेत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मुलाला विचारलं. तो शाळेत मराठी शिकवतो, म्हणजे साधं उत्तर मिळायचं नाही. अंकाकडे न बघताच म्हणाला, "आई, ते टोपणनाव असणार. टोपण म्हणजे झाकण. लिहिणारा ते स्वतःवर घालून घेतो. उर्दू शायर तखल्लुस म्हणतात, त्याचा मूळ अर्थ सुटका."

"झाकण घालून कसली रे सुटका? जीव गुदमरतो," मी म्हटलं.

भाकरी थापणाऱ्या सुनेचा हात क्षणभर थांबला. पण ती कधी मान वर करून बोलणारी नव्हे. म्हणून मी संशय घेतला तो विरजण मागायला येणाऱ्या शेजारणीवर. तडक छापखाना गाठला. संपादक मानही वर न करता म्हणाले, "टोपण उघडून दाखवायला हे लोणच्याचं दुकान नाही, आजी." लोणचं म्हटल्यावर तर मला त्यांचाही संशय आला.

दिवाळीत विश्रांतवाडीहून सुनेची आत्या आली. तिने जिन्यातूनच हाक मारली, आणि हाक मारली ती गोष्टीखालच्या त्याच नावाने! सून "ओ" देत धावली.

लग्नात आम्ही तिचं नाव बदललं होतं. रीतच ती. ताटात तांदूळ पसरून मुलाने अंगठीने नवं नाव लिहिलं, ते मीच निवडलेलं. जुनं नाव पत्रिकेवर वाचलं तेवढंच. नंतर ते कोण लक्षात ठेवतं?

आत्या गेल्यावर मी सुनेला धरलं. "टोपणनाव घेऊन माझी अब्रू वेशीला टांगतेस?"

तिचा चेहरा पांढरा पडला, पण मान खाली गेली नाही. "लिहू नको म्हणालात तर नाही लिहिणार. पण आई, ते टोपणनाव नाही. ते माझं नाव आहे." मग हळूच म्हणाली, "तुमचं माहेरचं नाव काय हो?"

मेलीने मला कुठे गाठलं! त्या नावाने हाक मारणारं एकही माणूस आता जिवंत नव्हतं. मी ते सांगितलं, आणि रडू आलं ते आलंच.

पुढच्या गोष्टीत सासूला नाव होतं. शेजारीण अंक घेऊन धावत आली. "ही कोण हो? आपल्या पेठेतली का?"

"छे हो," मी म्हटलं. "असेल कोणाचं तरी टोपणनाव."