साहेबाच्या बागेतला कावळा

माझी बायको मेली आणि न्यूझीलंडात कावळा मिळेना.

हसू नका. (हसा, मला काय!) सुमन गेली ती इथंच, पामर्स्टन नॉर्थला, मुलाच्या घरी. दहाव्याला मागच्या अंगणात पिंड ठेवला आणि दोन तास आभाळाकडं बघत बसलो. माझा मुलगा सुनील म्हणाला, "बाबा, इथं कावळे नसतात." नसतात म्हणजे? मग या देशात माणसानं मरायचं कसं? शेवटी एक सीगल आला आणि पिंड कागदी ताटलीसकट घेऊन गेला. सगळे म्हणाले, झालं, शिवला. डोंबल शिवला! सीगल पायातली जँडलसुद्धा (इथं स्लीपरला जँडल म्हणतात) खातो. त्याच्या शिवण्याला काय किंमत?

वर्षभर तेच डोक्यात. ती उपाशी गेली. काहीतरी मनात ठेवून गेली.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा सुनीलचा एक दोस्त बोलता बोलता म्हणाला, दोन तासांवर कुणा स्कॉटिश साहेबाचा जुना बंगला आहे, तिथं कावळे दिसतात. मी घरात एवढंच म्हटलं, "मला तो ऐतिहासिक बंगला बघायचाय. शनिवारी."

"शनिवारी आईंचं श्राद्ध आहे ना?" सून म्हणाली. प्राजक्ता तिचं नाव, पोरगी गुणी आहे.

"आल्यावर जेवू."

"तुम्हाला इतिहास आवडतो, बाबा?"

"फार!" (सातवी नापास माणूस मी, जन्मभर फिटर. नापास झालो तो इतिहासातच!)

शनिवारी सकाळी मीच सैपाकाला उभा राहिलो. प्राजक्ता मदतीला आली, तिला हाकललं. भात, वरण, भोपळ्याची भाजी, वडे. एक पान डब्यात भरलं, डबा कोटाच्या आत घातला आणि गाडीत बसलो. पोटाला चटके बसत होते, पण हूं की चूं केलं नाही.

बंगला दगडी, वर बुरूज, आत भिंतीभर हरणांची मुंडकी. दारात सवयीनं बूट काढले. बाकीचे दहाजण बूट घालूनच आत! चौकडीचा घागरा घातलेली एक म्हातारी बाई "किआ ओरा" म्हणाली, म्हणजे इथला नमस्कार, आणि माहिती द्यायला लागली. सुनील मला सांगत होता, "साहेब स्कॉटलंडहून आला, मेंढ्यांवर गबर झाला, पण त्याला इथं करमेना. मग तिकडची झाडं आणवली, हरणं आणवली. तसल्याच साहेबांनी कावळेसुद्धा आणले."

साहेबाला करमेना म्हणून त्यानं कावळे आणले. सुनीलला करमेना म्हणून त्यानं आम्हाला आणलं.

"पुढं कावळे पिकं खायला लागले," सुनील म्हणाला, "मग लोकांनी मारले. आता पाच-सहाच उरलेत, मागच्या पाइनवर."

आम्ही वरच्या मजल्यावर साहेबाचा पलंग बघत होतो. तेवढ्यात खिडकीबाहेर आवाज आला. का! का!

मी पळालो. गुडघे दुखतात हे विसरलो, पायात नुसते मोजे हेही विसरलो. पॉलिश केलेला जिना! पहिल्या चार पायऱ्या उतरलो, बाकीच्या बसून झाल्या. खाली मखमली दोर लावला होता, तो धरला, तर दोरासकट पितळी खांब कोसळले. उठायला गेलो तर कोट हरणाच्या शिंगात अडकला. कोट हरणाला दिला आणि डबा घेऊन बागेत सुटलो. मागून सुनील, प्राजक्ता, घागरेवाली, आणि तिच्यामागून सगळी वरात!

हिरवळीवर कागदी ताटलीत पान वाढलं. लांब सरकून हात जोडले. आधी बदकं आली, हुंगून गेली. मग मोर आला, मान वाकडी केली आणि पाठ फिरवून चालू पडला. पाइनवरून एक कावळा उतरला. तोंडाशी पांढरट, पण कावळाच! हातभर अंतरावर येऊन थांबला. पुढं येईना.

"सुमन, शुगरची गोळी रोज घेईन."

कावळा हलला नाही.

"तुझ्या भावाला फोन करीन. लग्नातल्या मानपानाचं भांडण मिटवतो. चूक माझीच होती."

कावळा एक पाऊल मागं गेला!

"बाबा, लोक बघतायत," सुनील कुजबुजला.

"बघू देत!"

बघत कसले होते, त्यांनी टोप्या काढल्या होत्या. एकाला काही विचारायचं होतं, त्याला घागरेवालीनं तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. माझ्याकडं आता एकच गोष्ट उरली होती. ती पोरांसमोर बोलायची नव्हती.

"तुझा स्वेटर," मी म्हटलं, "उशीखाली ठेवलाय मी. वर्षभर धुवू दिला नाही. प्राजक्ताला देतो धुवायला. जा तू आता."

सुनील दुसरीकडं बघायला लागला. आणि कावळ्यानं दोन उड्या मारून वडा चोचीत धरला!

शिवला! मी मोठ्यानं रडलो. वर्षात पहिल्यांदा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. (कशाला, ते त्यांना विचारा.)

तेवढ्यात कावळ्यानं वडा थुंकला. चोच गवतावर पुसली. एकदा इकडून, एकदा तिकडून. आणि उडून गेला.

प्राजक्तानं डब्यात उरलेला वडा उचलून चाखला. तिचे डोळे मिटले.

"बाबा, मीठ किती वेळा घातलंत?"

आता श्राद्धाचं आधी चाखायचं नसतं. मग कळणार कसं? एकदा घातलं. घातलं की नाही अशी शंका आली, म्हणून पुन्हा घातलं. सुमन शेवटी वरून चिमूटभर टाकायची ते आठवलं, म्हणून परत मूठभर.

चव्वेचाळीस वर्षं मी तिनं वाढलेल्या ताटावर बसून रोज नावं ठेवली. आज हे अळणी, उद्या ते करपलं. तिनं माझ्या हातचं एकदाच तोंडात घेतलं, तेही थुंकून गेली.

बरोबर केलं तिनं.