शब्दाला अंघोळ

बालाजी सर रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी चप्पल काढायचे. नुसतं अंगण असलं तरी. म्हणायचे, "कुणाचं बोलणं घ्यायचं म्हंजे त्याच्या घरात शिरणंच की."

सर नळदुर्गकडचे, मेंढपाळाच्या घरातले. संगणकाला माणसांची भाषा शिकवण्याच्या विषयात त्यांनी डॉक्टरेट केली होती. पुण्याच्या एका कंपनीत संशोधन करायचे. आमच्या कॉलेजात येऊन ते म्हणाले, "आपलं बोलणं मशीनला कळत न्हाय. आपणच शिकवू." मी भीत भीत हात वर केला. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच.

रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणं हे माझं काम. पहिल्या दिवशी मी आईचं 'म्या न्हाय जात' हे 'मी नाही जात' असं लिहिलं. सर हसले. "शब्दाला अंघोळ घालू नको गं. धुळीच्या पायानं आला, तसाच आत येऊ दे."

आई तेरखेड्यात फटाक्यांच्या कामाला जाते. तिला लिहिता येत नाही, आणि फोनला बोलून सांगावं तर तो भलतंच लिहितो. तिने सरांना विचारलं, "ह्याला माझं कळंल व्हय?"

"कळंल की, काकू. त्यासाठीच आलोय."

"बघा हां. न्हाय तर तुमच्याच नावानं सुतळी बॉम्ब लावीन!"

सर खळखळून हसले. आईच्या शब्दावर गल्लीतल्या अकरा बायका बोलायला बसल्या.

यंदा कंपनीचं, बोललेलं लिहून देणारं ॲप आलं. आई म्हणाली, "म्या सांजच्याला येती." पडद्यावर उमटलं, 'मेथी साजूक येते.' तिने तीनदा सांगून पाहिलं आणि फोन पालथा ठेवला.

मला वाटलं, लिहिताना माझंच काही चुकलं असेल. म्हणून आमची जुनी फाइल उघडली. आईच्या आणि त्या बायकांच्या प्रत्येक ओळीपुढे शेरा होता, 'अशुद्ध. वगळा.' खाली सरांचं नाव.

मी फोन केला. "कंपनीला स्वच्छ नमुने हवे होते," सर म्हणाले. "माझा नाइलाज होता. तू समजून घेशील." माझ्याशी ते इतकं पुस्तकी कधीच बोलले नव्हते.

"मग आमच्या दारात चप्पल कशाला काढली, सर?"

त्यांनी फोन ठेवला. पुन्हा आमचं बोलणं झालं नाही.

आईने विचारलं, "काय म्हणले सर?"

तिला खरं सांगायचा धीर झाला नाही. मी म्हणाले, "काम अजून चालू आहे."

"अशी काय बोलतीस गं," आई म्हणाली, "परक्यावानी?"