तीन महिने नुसतं पाणी

ट्रक चालवून माणूस थकतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रक पुसून थकलेला माणूस आमच्या भागात मी एकटाच असेन. नऊ वर्षं रोज सकाळी मी तो ट्रक पुसला. आता हात खांद्याच्या वर जात नाही आणि डॉक्टर विचारतो, काय वजन उचलत होता काय. म्हटलं, न्हाई हो, फडकं.

ट्रक आमचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. कागदावर दोघांचं नाव होतं, पण शब्द दादांचा. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, मला त्यांनीच लहानाचं मोठं केलं आणि ते मला कधी विसरू दिलं नाही. मी चालवायचो, ते सांगायचे. असं आमचं ठरलेलं होतं, कुणी ठरवलं ते विचारू नका.

विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. गावं वरून निवली होती. झरीच्या बाजारात माणसं पुन्हा एकमेकांना रामराम करायला लागली होती, पण कोण कुठल्या हॉटेलात चहा पितो हे प्रत्येकाच्या ध्यानात असायचं. त्या दिवसांत आम्ही चॅसी आणली. तेव्हा तयार ट्रक मिळत नसे. इंजिन आणि चाकं असलेला नुसता सांगाडा यायचा. केबिन आणि लाकडी बॉडी परभणीच्या यार्डात मिस्त्री बांधायचा, आणि मग पेंटर ब्रशनं रंगवायचा. दोन महिने मी त्या यार्डातच पडून होतो, म्हणून हे सगळं मला माहीत.

पेंटर चाळिशीचा, किडकिडीत, मोजकं बोलणारा. पालमकडच्या एका खेड्यातला. दंगलीत त्यांच्या वस्तीला आग लावली तेव्हा बायकोपोरांना घेऊन परभणीत आला. बौद्ध माणसाच्या हातून ट्रक रंगवायला मालक लोक कां-कूं करायचे. ट्रकच्या कपाळावर देवाचं नाव लिहायचं असतं, ते ह्याच्या हातानं कसं, असं. मिस्त्री मुसलमान, त्याला कामाशी मतलब, पण गिऱ्हाईक तोडून त्याला तरी कसं चालणार? त्यानं दोन वर्षं ह्याच्याकडून नुसता अस्तराचा रंग मारून घेतला. आमचा ट्रक हा त्याच्या हातात आलेला पहिला पुरा ट्रक; मजुरी निम्मी म्हणून दादा कबूल झाले होते. मिस्त्री मला एकदा चहा पिता पिता म्हणाला, "ये गाडी अच्छी दिखी तो इसका घर चलेगा. नहीं तो मैं भी क्या करूँगा."

मी पेंटरला अरे-तुरे करायचो. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असून मला तुमी म्हणायचा. तेव्हा हे खटकलं नाही.

रंग मात्र त्यानं असा दिला की बघत राहावं. नारिंगी केबिन, बाजूच्या फाळक्यांवर हिरवे पट्टे, मागं दोन मोर. ट्रक न्यायच्या दिवशी त्यानं मला बाजूला घेतलं. "भाऊ, एक ध्यानात ठिवा. रंग वरून सुकलाय, आतून वल्लाच हाय. तीन महिने नुसतं पानी. मऊ फडकं, वरून खाली पुसायचं. तेल लावू नका, डिझेल न्हाई, घासलेट न्हाई. येकदा का आतून कडक झाला की मग खडा लागला तरी टवका निघायचा न्हाई." मी बरं म्हणालो आणि स्टार्टर मारला.

घरी आल्यापासून दादांना दुसरा उद्योग राहिला नाही. आमच्या गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंनी बाभळी. त्यांच्या फांद्या रंगाला ओरखडतील म्हणून दादांनी स्वतः कुऱ्हाड घेऊन वाट मोकळी केली, आणि ज्यांच्या बांधावरच्या बाभळी तोडल्या त्यांच्याशी वर्षभर भांडण ओढवून घेतलं. उसाच्या मोळ्या घासू नयेत म्हणून फाळक्यांवर बारदानं शिवून टांगली. चपला काढल्याशिवाय कुणी पायरीवर पाय द्यायचा नाही. तोडीवाल्यांनी कोयता फाळक्याला अडकवायचा नाही. बायांनी बांगड्यांचे हात लावायचे नाहीत. एक बाई मला म्हणाली, "ट्रक हाय का नवरी हाय?"

मला हुकूम होता की पुढच्या गाडीपासून एक फर्लांग मागं राहायचं. गिट्टी उडून टवका जाईल म्हणून. पुढं एसटी लागली की मी तिच्या मागं मागं, धूळ खात, बैलगाडीच्या चालीनं. सगळे मला ओलांडून जायचे. कारखान्यावर आमचा नंबर कायम शेवटी लागायचा. "उशीर चालंल, टवका चालणार न्हाई," असं दादांचं म्हणणं. झोप माझी जायची, त्यांची नाही.

एक दिवस सकाळी ते तेलाची बुधली घेऊन आले. घरच्या करडीचं, घाण्यावरचं तेल. आमच्याकडं पोळ्याला बैलाच्या शिंगाला हेच लावतात. शिंग चमकतं आणि चिरत नाही, हा दादांचा अनुभव, आणि तो खोटा नव्हता. ते म्हणाले, "रोज येक हात मार. शिंगाला लावतो तसं. ह्याच्यावरून खडा आला तरी घसरून जातो बग."

पेंटरचं बोलणं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मी तेव्हाच रात्रभर ट्रक चालवून आलो होतो आणि दादांचं उत्तर मला आधीच ऐकू येत होतं. 'आता त्यानं शिकवायचं व्हय आपल्याला?' असंच म्हणाले असते. मग मी काही बोललो असतो, मग त्यांनी मला वाढवल्याचं काढलं असतं, वहिनी मधे पडल्या असत्या. म्हटलं, मरू दे. मी बुधली घेतली आणि तेल लावायला लागलो.

पहिले आठ दिवस ट्रक असा चमकला की गावातली माणसं बघायला यायची. दादा खाट टाकून समोर बसायचे. खरं सांगतो, मलाही वाटलं, पेंटरला काय कळतंय.

करडीचं तेल वाळतं. वाळलं की चिकट होतं, आणि चिकट झालं की निघत नाही. शिंगाला वर्षातून एकदा लावतात, म्हणून कळत नाही. आम्ही रोज लावत होतो. काळ्या रानाची धूळ त्यावर बसली. कापूस भरून जिनिंगला नेला तर रुईचे तंतू चिकटले. संक्रांतीपर्यंत नारिंगी रंगावर चिखलाची साय आली. मोरांचे डोळे दिसेनात. दादा म्हणाले, जोरात घास. फडक्यानं निघेना, काथ्यानं घासलं. काथ्यानं निघेना, घासलेट आणि सोडा लावला. मग निघालं, पण तेलाबरोबर रंगही सोलून आला. आतून वल्लाच होता तो, पेंटर म्हणाला होता तसा. शिमग्याला आमचा ट्रक पंधरा वर्षांचा दिसत होता.

दादा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, चल परभणीला.

यार्डात तेव्हा चार-पाच मालक बसले होते. दादांनी खाली उतरता उतरताच सुरुवात केली. "खोटा रंग घातला की रे. ह्या लोकांला काम नको, नुसतं नामांतर पायजे." पेंटर दुसऱ्या ट्रकच्या फाळक्यावर वेलबुट्टी काढत होता. म्हणजे त्याला दुसरा ट्रक मिळालेला होता. तो ब्रश ठेवून आला. त्यानं केबिनवर अंगठा घासला, नाकाशी नेला.

"मालक, हे तेल हाय. करडीचं."

"मग? शिंगाला लावत न्हाई का आमी? शिंगं गळून पडली व्हय बैलाची?"

कुणीतरी हसलं. पेंटर माझ्याकडं वळला. "भाऊ, मी सांगितलं होतं तुमाला. तीन महिने तेल लावू नका म्हणून."

दादांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "काय रं? म्हणला होता का ह्यो?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हो म्हणायला किती वेळ लागतो? पण हो म्हणालो असतो तर ट्रक मी खराब केला असं झालं असतं, चार लोकांत. आणि दादांसोबत परतीचा सगळा रस्ता, आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य. मी दमलो होतो, हे कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. दमलो होतो हे खरं आहे, पण ते कारण नव्हतं. मी भ्यालो होतो.

"न्हाई," मी म्हणालो. "मला काय बोलला न्हाई."

पेंटरनं अंगठा फडक्याला पुसला. चार-पाच मालक, मी आणि दादा एका बाजूला, तो एकटा. त्यानं कुणाला साक्षीला बोलवावं? मिस्त्री म्हणाला की पेंटर हा ट्रक पुन्हा रंगवून देईल, मजुरी न घेता. दादा म्हणाले, ठीक हाय.

पंधरा दिवस तो घासत होता आणि रंगवत होता, आणि मी तिथंच बसून होतो, कारण ट्रक सोडून जायचं नाही असा हुकूम होता. आधी तो अधूनमधून चहाला हाक मारायचा. आता बोलला तर 'पाय बाजूला घ्या' एवढंच. एकदा त्याची बायको डबा घेऊन आली. ती माझ्याकडं बघेल म्हणून मी उठून पाण्याला गेलो. त्याच पंधरा दिवसांत मिस्त्रीनं पेंटरच्या हातातला दुसरा ट्रक काढून घेतला. त्या ट्रकचा मालकच नको म्हणाला होता.

शेवटच्या दिवशी त्यानं मला काही सांगितलं नाही. केबिनच्या आत, स्टिअरिंगच्या वर, बारक्या सफेद अक्षरांत लिहून ठेवलं: तीन महिने नुसतं पाणी. तेल नको. डिझेल नको. दादांनी ते वाचलं आणि म्हणाले, "आता अक्कल आली त्याला. हे आधी लिवलं असतं तर?"

मी खाली मान घालून ट्रक चालू केला.

त्या खेपेला मी तेलाची बुधली ट्रकजवळ येऊ दिली नाही. लिहिलेलंच होतं, म्हणून दादाही काही बोलले नाहीत. रोज पहाटे विहिरीचं पाणी, वहिनींच्या जुन्या लुगड्याचं मऊ फडकं, वरून खाली. तीन महिने झाल्यावरही मी थांबलो नाही. मला वाटायचं, निदान ह्याचा रंग तरी नीट ठेवू. त्याचं काम लोकांना दिसेल. एवढंच माझ्या हातात आहे, असं मी धरून चाललो होतो. आणि रंग टिकला. गिट्टी लागली, बाभळी लागल्या, मोळ्या घासल्या, पण टवका निघाला नाही. मोर नऊ वर्षं जसेच्या तसे.

आता ह्यात मी काय करून ठेवलं ते सांगतो. जो कोणी रंगाचं नाव काढी, त्याला दादा ट्रकजवळ नेत. लग्नात, बाजारात, कारखान्याच्या रांगेत. "बगा, ह्यो रंग. पहिल्या खेपेला ह्याच पेंटरनं बेइमानी केली. चार लोकांत धरला तवा इमानदारीनं दिला. दोन्ही त्याचेच हात. आता फरक बगा." आणि माणसं हात फिरवून बघत आणि माना डोलावत. रंग जितका टिकला तितकं दादांचं खरं ठरत गेलं. पेंटरला खोटं पाडणारा पुरावा मीच रोज सकाळी उठून धूत होतो. हे मला दुसऱ्या का तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. तरी पुसत राहिलो. पुसायचं सोडलं असतं तर दादा म्हणाले असते, बगा, हाही खोटाच निघाला.

यार्डातलं त्याचं काम सुटलं. तो पालमला गेला, असं मिस्त्रीकडून कळलं. एकदा भाडं घेऊन पालमला गेलो तेव्हा मी त्याला बघितलं. स्टँडसमोर एका दुकानाच्या भिंतीला चुना मारत होता. ज्या हातानं मोराचा एकेक डोळा अर्धा अर्धा दिवस काढला, त्या हातात कुंचा. मी ट्रक तसाच पुढं काढला. त्यानं बघितला असणार. नारिंगी ट्रक लपतो कुठं?

नऊ वर्षांनी दादांनी ट्रक विकायला काढला. नामांतर अजून झालं नव्हतं, मोर्चे चालूच होते. गिऱ्हाईक पालमचंच आलं. तिशीतला, हसतमुख माणूस. त्यानं इंजिन ऐकलं, टायर बघितले, पण त्याचा जीव रंगावर गेला. केबिनवरून हात फिरवत म्हणाला, "नऊ वर्षांचा रंग हाय ह्यो? माझी दुसरी चॅसी यायलीय पुढच्या महिन्यात. कोन पेंटर हाय, सांगा. त्यालाच देतो."

दादा म्हणाले, "त्याच्या नादी लागू नका. पहिल्या खेपेला फसवतो तो." आणि सगळी कहाणी सांगितली, नेहमीसारखी.

तो माणूस काही पटल्यासारखा दिसेना. पुन्हा एकदा मोर बघून आला. मग माझ्याकडं वळला. "तुमी चालवता न्हवं गाडी? तुमी सांगा. मानूस कसा हाय? कुठं असतो?"

दादा तेव्हा थकले होते. गुडघे धरल्यानं काठी घेऊन चालायचे. मला कुणाला भ्यायचं काही उरलं नव्हतं. पेंटर पालमला, स्टँडसमोर, ह्या माणसाच्याच गावात. मला नुसतं तेवढंच सांगायचं होतं.

"दादा म्हणतेत तेच," मी म्हणालो. "कुठं असतो ठाऊक न्हाई."