वाढवलेलं कडवं

कागद हातात आला की ती आधी त्याची खालची कड बघायची. मजकूर नंतर. "छापलं कोनं, हे पयले पायते," ती म्हणायची. "बोलनाऱ्याचं तोंड दिसत नसन, तर त्याचं आयकाचं काऊन?"

वर्ध्यात आमचा छोटा छापखाना आहे. पवनारच्या पुढच्या एका खेड्यातून ती भाजी घेऊन बसने यायची. गावातल्या बायकांचं भजनी मंडळ तीच चालवायची. आम्ही तिला काकू म्हणायचो. दूधवाल्याच्या मापापासून पुजाऱ्याच्या सोवळ्यापर्यंत कशावरच विश्वास न ठेवणारी अशी एखादी काकू तुम्हीही पाहिली असेल.

पहिल्यांदा ती मंडळातल्या बायकांबरोबर आली. त्यांना कुठून तरी एक पत्रक मिळालं होतं. हे छापून वाटा, नाहीतर घरावर संकट येईल, असं त्यात होतं. बायका घाबरल्या होत्या. मी कागदाचे नमुने काढत होतो, तेवढ्यात मागून काकू म्हणाली, "देवाले कोप कराचा असन तर थो करन. त्याले वर्ध्याचा छापखाना कायले लागते?" बायका तशाच परत गेल्या. गिऱ्हाईक गेलं, पण बाई लक्षात राहिली.

तिचा संशय नेहमीच बरोबर असायचा असं नाही. गावात डोळे तपासणीचं शिबिर होतं. त्याच्या पत्रकावर पुढाऱ्याचा फोटो मोठा आणि डॉक्टरचं नाव बारीक. "डोये तपासाचे हायेत का तोंड दाखवाचं हाय?" म्हणत ती गेलीच नाही. शिबिर चांगलं होतं. नंतर कित्येक महिने ती पालक समजून आंबट चुक्याची जुडी देत राहिली आणि कुणी बोललं तर त्याच्याच डोळ्यांवर शंका घ्यायची.

मग निवडणुकीच्या आधी मंडळाला भजनाची पुस्तकं फुकट मिळाली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर सोनेरी कळस. कुणा भक्ताने पाठवली, एवढंच कळलं. बायका हरखल्या. त्या संध्याकाळी देवळात सगळ्या पुस्तकात बघून म्हणू लागल्या. काकूला सगळं पाठ होतं, तिने पुस्तक उघडलंच नव्हतं. एका जुन्या भजनात ती पुढच्या कडव्यावर गेली आणि बाकीच्या भलतंच म्हणू लागल्या. मध्ये एक नवं कडवं घातलं होतं. चाल तीच, देवाचं नावही होतं. पण गावाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या, वेगळ्या धर्माच्या लोकांच्या दुकानातून काही घेऊ नका, असा त्याचा अर्थ होता.

काकूने टाळ खाली ठेवले. "हे कोनाचं बोलनं हाय?"

"पुस्तकात हाय नं, बाई," तिची जाऊ म्हणाली. "छापलेलं का खोटं असते?"

"मंग आपल्या सासूनं शिकवलं थे खोटं होतं का?"

जाऊबाईने पुस्तक मिटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन काकू माझ्यासमोर उभी. "भाऊ, खरं सांगा. तुमीच छापलं का?"

"नाही, काकू."

"सगळेच नाई म्हनतेत."

पुस्तकावर छापखान्याचं नाव नव्हतं. त्यानंतर ती मेथी द्यायच्या निमित्ताने यायची आणि रद्दीच्या ढिगात सोनेरी कळस शोधायची. मला राग यायचा. पण खरं सांगतो, मीही शेजारच्या छापखानेवाल्यांकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो होतो. चहाच्या टपरीवर आम्ही एकमेकांशी कमी बोलू लागलो.

मंडळ फुटलं. नव्या मंडळाला माइक मिळाला, सतरंज्या मिळाल्या. जाऊबाई तिकडे गेली. खालच्या अंगाच्या एका किराणा दुकानात गिऱ्हाईक कमी होत गेलं आणि एके दिवशी त्याला कुलूप लागलं. कडव्यामुळेच लागलं, असं कुणी म्हणत नव्हतं.

काकूजवळ मोजक्याच म्हाताऱ्या उरल्या. एका दुपारी ती आली आणि म्हणाली, "माह्यं पुस्तक छापा." ती भजनं म्हणत गेली, मी टाइप करत गेलो. प्रत्येक पान तिने माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. एकदा मी श्वास घ्यायला थांबलो तर म्हणाली, "काय सोडलं तुमी तिथं?" तिच्या सांगण्यावरून शेवटच्या पानावर तिचं, गावाचं आणि माझं नाव टाकलं. "उद्या कोनी इचारलं तर दोघंही सापडलो पायजे," ती म्हणाली. ती हसेल असं मला वाटलं. हसली नाही.

ते साधं पुस्तक फारसं कुणी घेतलं नाही.

उन्हाळ्यात काकू गेली. तेरवीला दोन्ही मंडळं आली आणि अंगणात वेगवेगळी बसली. भजन कुणी सुरू केलं, ते कळलं नाही, पण ते तेच होतं. सगळ्या म्हणत होत्या. नव्या कडव्याची जागा आली तसे आवाज खाली आले. जाऊबाईने पुस्तकावर हात ठेवला आणि मान खाली घातली. तेवढा वेळ नुसते टाळ वाजले. मग पुढचं कडवं सगळ्यांनी एकत्र उचललं.

त्या बायका काकूसाठी थांबल्या की मी, बाहेरचा माणूस, तिथे बसलो होतो म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही.